चाल कुणाची?

‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी निंदेसाठी केली. हल्ली मात्र ती जाहिरातीचे ब्रीद होऊन बसली आहे. संगणकावरचे खेळ तयार करण्याचा जो प्रचंड धंदा आज जगभर चालतो, त्यात अलीकडे अशी दवंडी पिटली जाते, की हालचालींची ती किचकट विद्या शिकण्याचे आता कारण उरले नाही. तुम्ही नुसते सांगा, पडद्यावरचे पात्र चालू लागेल, सांगा, धावेल, सांगा, रडेल. सांगणारे तुम्ही, ऐकणारा यंत्रातला हरकाम्या, आणि हलणारे पात्र. मधली मेहनत बाद!

ही दवंडी ऐकून दोन तऱ्हेचे लोक बहकले आहेत. पहिले क्लासवाले आणि त्यांच्या मागे धावणारे पालक. आमच्या गावात मध्यंतरी असे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी पालकांची सभा भरवली आणि छातीठोकपणे सांगितले, की मुलाला रेघ ओढता येत नसली तरी बिघडत नाही, तीन महिन्यांत तो खेळातली पात्रे नाचवू लागेल. पालकांनी मान डोलावली आणि फी भरली. दुसरे लोक म्हणजे आमचे साहित्यिक बंधू. त्यांचे म्हणणे असे, की खेळ हा पोरखेळ. त्यातली बाहुली माणसाने हलवली काय आणि यंत्राने हलवली काय, साहित्याचे त्यात काय अडले? असल्या विषयाने दिवाळी अंकाची पाने कशाला नासावीत?

या दोन्ही पक्षांशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. पण फराळाच्या ताटात सगळेच लाडू आले तर जेवणारा कंटाळतो. थोडा तिखट चिवडा लागतोच. शिवाय हा वाद मुलांच्या डोळ्यांचा आहे, आणि मी शाळामास्तर आहे.

माझा अधिकार विचाराल, तर शिक्षण मॅट्रिकपुरते. एका लहानशा शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवतो, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण पात्रे हलवणे हाच माझाही धंदा आहे. एखाद्या म्हाताऱ्याला ओसरीवरून उठवून दारापर्यंत न्यायचे, एवढ्याशा गोष्टीसाठी कादंबरीकाराला किती कागद फाडावे लागतात, ते त्याची बायकोच जाणे. तो गुडघ्यावर हात टेकून उठला की भिंत धरून? उठताना धोतराचा सोगा सावरला की नाही? दाराशी थांबला तो दम लागला म्हणून, की बाहेरच्या माणसाचे तोंड पाहायचे नव्हते म्हणून? ही ज्याची रोजची रड आहे, त्याला ‘बोला आणि पात्र हलवा’ ही दवंडी ऐकून दोन शब्द बोलावेसे वाटले तर नवल नाही.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. खेळातले पात्र म्हणजे आत हाडांचा सांगाडा आणि वर कातडी. कोणत्या क्षणी कोणते हाड किती अंशांनी वळले, याची नोंद म्हणजे एक हालचाल. धंद्यातली माणसे तिला ‘क्लिप’ म्हणतात. चालण्याची एक क्लिप, धावण्याची दुसरी, नुसते उभे राहून श्वास घेण्याची तिसरी. या क्लिपा ज्या कारखान्यात जोडल्या जातात, त्याला ‘गेम इंजिन’ म्हणतात. युनिटी आणि अनरिअल ही त्यांतली मोठी नावे. तिसरे गोदो. ते अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवले, बेकेटच्या नाटकावरून त्याचे नाव ठेवले आणि २०१४ साली ते सगळ्या जगाला फुकट आणि खुले करून टाकले.

आता सोंगट्यांचा पट डोळ्यांपुढे आणा. पटावर घरे असतात, घरांना जोडणाऱ्या वाटा असतात, आणि कोणत्या वाटेने केव्हा सरकायचे याचे नियम असतात. इंजिनात प्रत्येक पात्रामागे असाच एक पट मांडलेला असतो. ‘उभा’ हे एक घर, ‘चालतो’ हे दुसरे, ‘पळतो’ हे तिसरे. ‘वेग’ नावाचा आकडा शून्यावरून वर सरकला की पात्र पहिल्या घरातून दुसऱ्यात जाते. घर बदलताना हिसका बसू नये म्हणून पहिली हालचाल विरत जाते आणि तिच्यातच दुसरी उमटत येते. युनिटीत असा पट मांडण्याची सोय २०१२ साली आली. हा पट मांडायचा, वाटा जोडायच्या, आकडे जुळवायचे, हे काम आजवर माणसे रात्री जागून करीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली रीत प्रसिद्ध केली. भाषा जाणणाऱ्या यंत्राने बाहेरच्या अवजारांना हुकूम कसा सोडावा आणि त्यांच्याकडून उत्तर कसे घ्यावे, याची ती रीत. तिच्या आधारे युनिटी, अनरिअल, गोदो आणि चित्रे घडवणारा ब्लेंडर यांना जोडणारे दुवे लोकांनी भराभर लिहून काढले. आता तुम्ही साध्या भाषेत लिहिता, ‘आवाज ऐकताच पहारेकऱ्याने दचकून मागे वळावे.’ यंत्रातला एजंट, म्हणजे तो हरकाम्या, उपलब्ध क्लिपांची नावे वाचतो, त्यांतली दचकण्याची उचलतो, पटावर नवे घर बसवतो, वाट काढतो, नियम लिहितो आणि ‘झाले’ म्हणून कळवतो. हे खरोखर घडते. मी ते पाहिले आहे, आणि पाहून मला आनंदही झाला आहे. तेव्हा मी यंत्राचा शत्रू म्हणून बोलतो आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

परंतु या सगळ्यात पात्राला हलवले कुणी?

जरा हिशेब करू. चांगल्या खेळात पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम साठावा भाग येतो. एजंटला एक हुकूम वाचून, त्याचा अर्थ लावून, अवजाराला निरोप धाडून उत्तर घ्यायला काही सेकंद लागतात. एवढ्यात पडद्यावर शेकडो चित्रे उमटून गेलेली असतात. तेव्हा प्रत्येक चित्रागणिक पात्राचा हात-पाय एजंट हलवतो आहे, ही कल्पनाच खोटी आहे. तो हलवीत नाही. तो फक्त सांगतो, की अमुक घरात जा. हलण्याचे काम आधीच करून ठेवलेल्या क्लिपा करतात आणि त्या मिसळण्याचे काम इंजिन करते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या खेळात बाहुलीचा झुकलेला हात आणि कलावंताचे बोट यांच्यामध्ये एका दोऱ्याखेरीज काही नसते. बोट थबकले की बाहुली थबकते. आपल्या भाषेने त्या दोऱ्यावरून ‘सूत्रधार’ हा केवढा मानाचा शब्द घडवला! एजंटला सूत्रधार म्हणणाऱ्यांनी हा दोरा त्याच्या हातात कोठे दिसतो ते दाखवावे. फार तर तो मंडपाच्या मागच्या रांगेतून ‘आता राजाला आणा’ म्हणून ओरडणारा कारभारी आहे. कारभारी हुशार असेल, इमानी असेल, रात्रभर न झोपता राबणाराही असेल. पण राजा चालतो कसा, हे त्याने ठरवलेले नाही.

मग कुणी ठरवले? इथेच खरी गोम आहे. शतकानुशतके चित्रकारांनी चौखूर उधळलेला घोडा काढला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून, जणू पोटाखालून वारा काढून दिल्यासारखा. १८७८ साली कॅलिफोर्नियात, लेलँड स्टॅनफर्डच्या शेतावर, एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. तेव्हा कळले, की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे इतकी वर्षे मोठमोठे चित्रकार घोड्याकडे न बघता आधीच्या चित्रकाराच्या घोड्याकडे बघत होते! नकलेवरून नक्कल काढीत गेले की घोडा हळूहळू नाहीसा होतो आणि कुणाच्या ध्यानीही येत नाही.

पुढे ज्यांनी चित्रांना चालवले, त्यांनी हा धडा घेतला. आपल्याच दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट धीराने टिपली. अमेरिकेत मॅक्स फ्लायशरने आपल्या भावाला विदूषकाचा पोशाख चढवून नाचवले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक रेघ गिरवली. त्या युक्तीचे पेटंट त्याला १९१७ साली मिळाले. जॉर्डन मेक्नरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून व्हिडिओवर टिपले, आणि त्यावरून घडलेला राजपुत्र १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळात धावला. त्या राजपुत्राच्या उडीत काय जिवंतपणा होता, हे तेव्हाचे खेळाडू अजून सांगतात. दोघांनीही घरच्याच माणसाला उभे केले, हा योगायोग मला फार आवडतो. पडद्यावर कोणी चालले, तर त्यामागे कोठेतरी हाडामासाचा माणूस चाललेला असतो. एजंट आला म्हणून हे सत्य बदलत नाही. ते फक्त झाकले जाते.

आणि झाकले गेले की काय होते ते पाहा. तयार क्लिपांचे मोठमोठे संग्रह आहेत. २०१५ पासून अडोबी कंपनीकडे असलेला मिक्सामो हा त्यांतला लोकप्रिय. झॉम्बीची चाल, हिपहॉपचा नाच, बंदुकीचे पवित्रे असे बरेच काही तिथे मिळते, आणि फुकट मिळते. गरीब विद्यार्थ्याला ती मोठीच सोय आहे. त्यात भर अशी, की एका सांगाड्यावरची हालचाल दुसऱ्या कोणत्याही मानवी सांगाड्यावर चढवता येते. पैलवानाची चाल पोराला, पोराची आजीला. एजंटला ‘चालव’ म्हटले, की तो काय करणार? ‘चालणे’ असे नाव असलेली क्लिप उचलणार. कुणाची चाल, कुठली चाल, कोणत्या वयाची, पायात वहाण आहे की नाही, डोक्यावर ओझे आहे की नाही, हे आपण विचारले नाही तर तो कशाला विचारील? आपली फुगडी, आपली दिंडीतली पावली, लेझमीचा ठेका, उकिडवे बसणे, पदर खोचून वाकणे, हे त्या संग्रहात कोणी नेऊन ठेवल्याशिवाय कसे सापडणार?

आमच्या वर्गातल्या मुलांनी एक लहानसा खेळ रचला. आजी विहिरीवरून कमरेवर हंडा घेऊन घरी येते, वाटेत कुत्रे, दगड, चिखल. पाणी सांडता कामा नये. मुलांनी एजंटला मराठीत सांगितले, ‘आजीला हंडा घेऊन चालव.’ दोन मिनिटांत आजी चालू लागली. पण कशी? दोन्ही हात झुलवीत, छाती काढून, लांब लांब ढांगा टाकीत. हंडा कमरेपासून वीतभर हवेत तरंगत होता आणि पाय जमिनीवरून घसरत होते, कारण चालण्याची गती आणि पुढे सरकण्याची गती यांचा मेळ नव्हता. एजंटचा निरोप मात्र आला, ‘काम पूर्ण झाले.’ बहुतेक मुले टाळ्या पिटू लागली. एक मुलगी तेवढी म्हणाली, “सर, ही आजी नाही. आजीचं लुगडं नेसलेला शिपाई आहे.”

त्या मुलीला मी त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले. मग शाळेच्या टाकीवरून कळशी भरून आणली आणि प्रत्येक मुलाला ती कमरेवर घेऊन पटांगणात फिरवले. उरलेल्यांनी नुसते बघायचे. पंधरा मिनिटांत फळा भरला. ओझे उजवीकडे असले की अंग डावीकडे कलते. मोकळा हात आपसूक बाजूला जातो. पाऊल आखूड पडते आणि टाच अलगद टेकते. नजर पायाशी नसते, चार पावले पुढे असते. वळायचे झाले तर मान आधी न वळता सगळे अंग वळते. ही टिपणे घेऊन मुले पुन्हा एजंटकडे गेली आणि सांगू लागली: कणा इतका कलव, पाऊल इतके आखूड कर, डावा हात एवढा लांब ने, हंडा कमरेच्या हाडाला बांध, वेग कमी कर. हरकाम्याने एकेक हुकूम बिनतक्रार पाळला. चौथ्या खेपेला पडद्यावर कोणाची तरी आजी चालत आली.

हेच माझे म्हणणे आहे. एजंट तोच होता, इंजिन तेच होते. फरक पडला तो मुलांच्या डोळ्यांत. ज्याला दिसले आहे, त्याच्या हाती हे अवजार म्हणजे वरदान आहे. जो काम रात्रभर करायचा ते घटकाभरात होते. ज्याला दिसलेच नाही, त्याला ते दुसऱ्याची उष्टी चाल वाढून देते आणि वर ‘पूर्ण झाले’ म्हणून पाठ थोपटते. आणि आमचे क्लासवाले सांगतात, की बघायला शिकण्याचीच आता गरज नाही! मी म्हणतो, ही गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. पूर्वी हाताने एकेक रेघ ओढताना बघणे भाग पडत होते. हात अडला की डोळे उघडत. आता हात अडतच नाही. मग डोळे उघडणार कोण? आईबाप आणि मास्तर यांखेरीज कोणी दिसत नाही.

कोणी म्हणेल, की आज ना उद्या यंत्र क्लिप शोधणार नाही, स्वतःच हालचाल घडवील. घडवील काय, घडवू लागले आहेच. पण ते शिकते कशावरून? वर्णनावरून हालचाल घडवण्याच्या संशोधनात ज्याचा फार वापर होतो, असा ‘ह्यूमन-एमएल-थ्रीडी’ नावाचा एक संग्रह २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ हजारांहून अधिक हालचाली आहेत आणि त्यांची सुमारे ४५ हजार वर्णने आहेत. वर्णने सारी इंग्रजीत. आता मराठीत माणूस किती तऱ्हांनी चालतो ते मोजा. तो ढांगा टाकतो, लगबगतो, रेंगाळतो, खुरडतो, लंगडतो, फेंगडा चालतो, झोकांड्या खातो, पाय ओढतो, चवड्यांवर जातो, तरातरा जातो, ठुमकत जातो, डुलत येतो, आणि जत्रेत हरवलेले पोर असले तर भेदरून धडपडत येते. यांतला प्रत्येक शब्द आपल्या लोकांनी कुणाला तरी नीट बघून घडवलेला आहे. एका शब्दात एक अख्खी क्लिप आहे म्हणाना! हे शब्द मुलांच्या तोंडून गेले, तर यंत्राला सांगायला त्यांच्यापाशी उरेल काय? एक ‘चालव’ आणि एक ‘पळव’.

म्हणून आमच्या साहित्यिक बंधूंना माझा सवाल आहे. हुकूम सोडायचे साधनच जर भाषा झाले, तर हा विषय तुमचा नाही तर कुणाचा? नाकाला पदर लावून बाजूने जाण्याचा तुमचा हा कित्ता जुना आहे. चित्रपट आला तेव्हाही भल्या घरच्यांनी नाके मुरडली होती. एक अख्खी पिढी ज्या गोष्टीत डोके खुपसून बसली आहे, तिच्यातली माणसे कशी चालतात, कशी बसतात, कशी रडतात, याबद्दल ज्याला कुतूहल नाही, त्याने मनुष्यस्वभावाचे चित्रण केल्याचा दावा जरा जपून करावा.

आता पैशाची गोष्ट. जिच्या अंगावरून हालचाल टिपली, ती व्यक्ती काय मजूर आहे, की कलावंत, की नुसता आकड्यांचा साठा? हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत २६ जुलै २०२४ रोजी खेळांसाठी काम करणाऱ्या नटांनी ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेच्या झेंड्याखाली संप पुकारला. आवाज देणाऱ्यांबरोबर अंगाने अभिनय करणारे, उड्या मारणारे, पडणारे, झुंजणारे कलावंतही त्यात होते. कृत्रिम बुद्धीच्या वापरात आपली संमती घ्यावी, आपल्याला मोबदला मिळावा आणि हे संरक्षण सर्व कलावंतांना मिळावे, ही त्यांची मागणी. संप जून २०२५ मध्ये थांबला आणि जुलैत सभासदांनी नवा करार मंजूर केला. दहा महिन्यांहून अधिक काळ लोकांनी पोटाला चिमटा घेतला, तो ‘माझी चाल माझी आहे’ एवढे एक वाक्य कागदावर यावे म्हणून. आपल्याकडे उद्या एखाद्या तमाशातल्या बाईची ठुमक, एखाद्या मल्लखांबपटूची पकड, पिंगुळीच्या कलावंताचे बोट असेच कुणी टिपून नेले, तर तिला किंवा त्याला विचारणार कोण, आणि देणार काय? संघटना नाही, करार नाही. ‘फुकटचे आहे, घ्या’ म्हणून आपणच दार उघडून देऊ.

नुसता कंठशोष करून मी थांबणार नाही. करण्यासारखे काय आहे तेही सांगतो. आज साध्या मोबाइलच्या चित्रीकरणावरून सांगाड्याची हालचाल काढून देणारी साधने निघाली आहेत. ब्लेंडर २००२ पासून खुला आहे, गोदो फुकट आहे. प्रत्येक शाळेने वर्षातून एक हालचाल टिपावी. मंगळागौरीची फुगडी टिपा, झिम्मा टिपा, गोफ टिपा, जात्यावर बसलेली बाई टिपा, नांगराचा फाळ दाबणारा शेतकरी टिपा. ज्याची टिपाल त्याला आधी विचारा, नाही म्हटले तर मुकाट्याने परत या, हो म्हटले तर हालचालीबरोबर त्याचे नाव नोंदवा. त्यापुढे मराठीत वर्णन लिहा, एका ओळीचे नको, चांगले दहा ओळींचे. वर्णन लिहिण्याचे काम निबंधाच्या तासाला होऊ शकते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयाला एक वर्ष विश्रांती दिल्याने मराठी भाषा बुडणार नाही. साहित्य संमेलनांना ठरावांचा एवढा सोस असतो, त्यांनी एखादा ठराव या कामासाठी करावा. मग एजंटला ‘फुगडी घाल’ म्हटले, की त्याला घालायला फुगडी सापडेल.

आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. या दिवसांत अंगणात, नाही तर गॅलरीच्या कोपऱ्यात, मुलांचा किल्ला उभा असेल. बाजारात आता तयार किल्लाही मिळतो. आणला, ठेवला, फोटो काढला. पण ज्या मुलांनी माती कालवली आहे, बुरुज दोनदा ढासळलेला पाहिला आहे, अळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट बघितली आहे, त्यांच्याशी जरा बोला. बुरुज का ढासळला, ते त्यांना ठाऊक असते. मावळा तिथेच का उभा केला, याचेही त्यांच्यापाशी उत्तर असते. तुमचा मुलगा किंवा मुलगी यंत्राला हुकूम सोडून पात्र चालवू लागली, तर तिला अडवू नका, कौतुक करा. मात्र कौतुकाआधी तिच्या शेजारी बसून विचारा: ही चाल तू कुणाची पाहिलीस? उत्तर देता आले, तर मूल शिकते आहे असे समजा. देता आले नाही, तर यंत्र बाजूला ठेवायला लावा आणि तिला हाताला धरून रस्त्यावर न्या. लक्ष्मीपूजनाची खरेदी करायला अख्खे गाव बाहेर पडलेले असते. बघायला माणसे भरपूर मिळतील.